वगळलेला लेख

भर दुपारी ग्रंथालयात संध्या आणि राजेंद्र पाठीला पाठ लावून आपापल्या संगणकावर, एका आढाव्यासाठी उष्माघाताच्या मृत्यूंवरचे शोधनिबंध शोधत होते. कुठला लेख घेतला, कुठला वगळला, हे काम संपेपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही, असा नियम होता.

संध्यानं लेखकाचं नाव नसलेला एक लेख वगळला. त्यात दगावलेली एकच रुग्ण होती: पिशोरची बाई, वय एकोणतीस.

संध्याही पिशोरचीच, एकोणतीस वर्षांची.

तिनं पुन्हा शोधलं. तोच लेख सगळ्यात वर. खाली नवी ओळ: ‘रुग्णानं हा लेख एकदा वगळला.’

तिनं रागानं परत वगळला.

‘दोनदा वगळला. आता घशाला कोरड पडलीय.’

पडलीच होती.

“राजेंद्र, नियम गेला खड्ड्यात! हे बघ.”

तो वळला नाही.

“मी तर तो घेतलाय, ताई. तुमच्याकडं शेवटची ओळ आली नाय का अजून?”