फोटोच्या डब्याची वाटणी

“आन् ह्या डब्याचं काय करायचं?” वाटणीला पंच म्हणून बसलेल्या महिपती आबांनी तो उचलून कानाशी धरला. “रेडिओ हाय का?”

“फोटोंचा डबा आहे, आबा,” सारिका म्हणाली. “घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधलं आपोआप ह्यात साठायचं. अण्णांनी माणूस बोलावून बसवून घेतला होता.”

अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते. आई त्यांच्या वर्षभर आधी गेली. कार्ल्याच्या घरात सकाळपासून वाटणी चालली होती. खाचरं झाली, भांडी झाली, आणि आता संदेश आणि सत्यम, सारिकाचे दोघे भाऊ, या काळ्या डब्यावर अडले होते.

“थोरला मी. माझ्याकडं राहू दे,” संदेश म्हणाला.

“व्हय! म्हंजी आईचं तोंड बघायला तुझ्या दारात यायचं? लय शाना.”

सारिकाला सातवा महिना होता. हक्कसोडीवर सही करून ती भिंतीला टेकून बसली होती. त्या डब्यातलं तिला एकच हवं होतं. शेवटच्या आजारपणात आईनं ओसरीवर बसून अंगाई म्हटली होती, पुढं कधीतरी होणाऱ्या नातवंडासाठी. अण्णांनी मोबाइलवर ती घेतली; तो मोबाइल पुढं बिघडला, आता ती या डब्यातच होती. “ऐक की गं, कशी झालीय,” आई म्हणाली होती. सारिकाला तेव्हा ऐकवेना. नंतर ऐकते, म्हणून ती आत निघून गेली.

भावांचा आवाज चढला तशी ती उठली. डब्याचं पुढचं झाकण काढलं. आत दोन डिस्क होत्या, शेजारीशेजारी.

“दोन आहेत ना? मग एकेक घ्या. सगळं दोन्हींत असतं. एक बिघडली तर दुसरी असावी, म्हणूनच दोन ठेवतात.”

आबा खूश झाले. “बघा, पोरीनं मिटवलं! न्हाईतर तुमी डबा करवतीनं कापला असता.”

संदेशनं आधी उचलली, उरलेली सत्यमनं घेतली. रिकामा डबा तेवढा सारिका सासरी कान्ह्याला घेऊन आली.

मुलगी झाली. इंद्रायणी दीड महिन्याची झाली तेव्हा सारिकानं अंगाईसाठी सत्यमला फोन केला.

“ताई, माझी रिकामी निघाली. काम्पुटर म्हनतो, वाचण्यासारखं काय न्हाई. भरलेली दादानं आधीच हेरली असनार.”

मग संदेशला लावला, तर तळेगावहून तो उसळला. “माझी रिकामी निघाली! भरलेली त्या सोंगानं घेतली आणि वर मलाच चोर म्हणतोय.”

दोघांचं बोलणं तर वाटणीनंतर महिन्याभरातच बंद झालं होतं. पण आधी उचलली होती संदेशनं.

“दादा, जमीन काय हवी ती घे,” सारिका म्हणाली, “पण आईला लपवून ठेवू नकोस.”

संदेशनं फोन कापला. त्या वर्षी तिनं त्याला राखी पाठवली नाही.

दिवाळीच्या तोंडावर, मनाला चैन पडेना म्हणून, सत्यमची डिस्क घेऊन ती लोणावळ्याला आदिनाथच्या दुकानात गेली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. इंद्रायणी तिच्या खांद्यावर झोपली होती. आदिनाथनं डिस्क कॉम्प्युटरला जोडून तपासली.

“रिकामी कोण म्हणालं? गच्च भरलीय, ताई.”

“मग दिसत का नाही?”

“बसवणाऱ्यानं जागा दुप्पट मिळावी म्हणून दोन्ही डिस्क एकात जोडल्यात. प्रत्येक फोटोचे, व्हिडिओचे तुकडे केलेत. निम्मे हिच्यात, निम्मे दुसरीत. एकटी कुठलीच उघडायची नाही. डबा आहे ना? दोन्ही परत त्यात लावा. सगळं होतं तसं दिसेल.”

कुणीच खोटं बोललं नव्हतं. तिथूनच तिनं संदेशला फोन लावला.

“दादा, चुकले मी. तूही खरा आणि सत्यमही खरा. भाऊबीजेला दोघं या. तुझी डिस्क तेवढी आण, आईची अंगाई लावू.”

संदेश कंपनीतल्या मशीनच्या आवाजापासून बाजूला आला.

“सारिके,” तो म्हणाला, “रिकामीच आहे म्हणून मी ती पुसून शेतातल्या कॅमेऱ्याला लावली गं. पाच महिने झाले, रात्रंदिवस तिच्यावर बांध रेकॉर्ड होतोय... सत्यम कोरतो का, ते बघायला.”