बेकरीवाल्याची कयाक

बेकरीवाल्याने मासेमारीच्या दोन्ही कयाक होड्या घरामागच्या गवतावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक लांब, सडपातळ, पिवळी. दुसरी आखूड, ऐसपैस, निळी.

"दोन्हींत बसून बघा, काका. ही बरी वाटते की ती?"

चष्मेवाल्यांना हसू आलं. हाच प्रश्न त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना विचारला होता. डोळ्यांपुढच्या काचा बदलत, ही बरी की ती, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी. दुकान विकल्यापासून कुणाला काही विचारायची वेळच येत नव्हती. बायको गेल्यावर तर घरात बोलायचा फक्त रेडिओ, आणि तोही त्यांचं ऐकून घेत नसे.

मासेमारीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं. त्यामुळे बेकरीवाला अगदी श्रीगणेशापासून समजावू लागला. लांब होडी भरभर जाते, पण गळाला मोठा मासा लागला की डुगडुगते. रुंद होडी म्हैस आहे म्हैस, पण तिच्यात उभं राहून गळ टाकता येतो. तळाला भोकं कशाला, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं, हे सांगताना बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. चष्मेवाल्यांनी आणखी विचारलं. गळाच्या काठ्या अडकवायच्या नळ्या मागे का? वल्हं हातातून सुटलं तर? तो सांगत गेला, ते मान डोलवत ऐकत गेले. चहा झाला. पहिला थंड झाला म्हणून दुसरा झाला.

पिवळी बेकरीवाल्याची स्वतःची होती, निळी त्याच्या भावाची. भाऊ नोकरीसाठी परगावी गेला आणि तिकडचाच झाला. बेकरीवाल्याची बायको म्हणे, दोन-दोन धुडं कशाला हवीत, एक काढून टाक. कुठलीही चालेल. पण एकट्याने तळ्यावर जायला बेकरीवाल्याचाही पाय निघत नव्हता. पहाटेपासून भट्टीपाशी उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यात एकट्यानेच बसायचं, त्यापेक्षा झोपलेलं बरं वाटे.

"काल एक हॉटेलवाला आला होता," तो म्हणाला. "होडी मधोमध कापून भिंतीला लावणार होता, बाटल्या ठेवायला. हाकलून दिला. भावाने जीव लावला होता हिला. काका, तुम्ही हिला पाण्यात न्याल ना?"

"नेईन की," चष्मेवाले म्हणाले. "त्यासाठीच तर घेतोय."

त्यांनी निळीच घेतली. दोघांनी मिळून ती उचलली आणि गाडीच्या टपावर चढवली. टपावर दांड्या होत्या, दांड्यांना फोम गुंडाळलेला होता. डिकीतून चष्मेवाल्यांनी पट्टे काढले. तयारी तर जय्यत आहे, असं बेकरीवाला कौतुकाने म्हणाला. पट्टे बरेच घासलेले दिसले, तेव्हा घरबदलाच्या वेळी कपाट आणायला घेतले होते, असं चष्मेवाल्यांनी सांगितलं.

बांधायचं काम त्यांनी बेकरीवाल्यावर सोडलं. फार आवळायचं नाही, उन्हात प्लास्टिक दबतं, हे त्याने दाखवलं. पुढचं आणि मागचं टोक दोरीने वेगळं बांधायचं, मागे लाल फडकं लावायचं. शेवटी पट्ट्याला त्याने एक पीळ दिला. सपाट पट्टा वाऱ्यात सारखा भुणभुणतो, पीळ दिला की गप्प बसतो.

"घरी उतरवायला कोण आहे?" त्याने विचारलं.

"भाचा येतो ना."

बेकरीवाल्याने त्यांचा फोन नंबर घेतला. मग हात पुसत, जरा संकोचत म्हणाला, "येत्या रविवारी तळ्यावर येता का? तुम्ही तुमची आणा, मी माझी आणतो. पहिल्यांदा एकट्याने उतरू नका. मी सकाळी फोन करतो."

चष्मेवाल्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

गाडी वळणावर गेल्यावर आरशातला बेकरीवाला दिसेनासा झाला. चष्मेवाल्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि पट्ट्याचा पीळ काढून टाकला. मग घरापर्यंत तो डोक्यावर भुणभुणत राहिला. तेवढीच सोबत.

रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. ते गाडी हळू चालवत होते. मागून येणाऱ्यांनी दोनदा भोंगे वाजवले, एका पोराने गाडीतून होडीला हात हलवला. चष्मेवाल्यांनीही हात हलवला. रविवारी टोपी कोणती घालायची, डबा दोघांचा न्यावा का, तो पाव आणेल का, असलं काहीबाही ते मनाशी बोलत होते.

घरी पोचले तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. भाचा वगैरे कुणी यायचा नव्हता. त्यांनी मागच्या काचेवर जुनी चादर टाकली, होडीचं एक टोक धरून तिला अलगद मागे ओढलं, जमिनीला टेकवलं, मग दुसरं टोक उतरवलं. साधा ओरखडाही उठला नाही. तिला ओढत ते परसातल्या शेडपाशी आले आणि कुलूप काढलं.

आत पाऊल ठेवायला जेमतेम जागा होती. डाव्या भिंतीशी गणिताच्या मास्तरांची हिरवी, तिच्यावर दंतवैद्य बाईंची केशरी, उजवीकडे पोस्टातल्या माणसाची, त्यामागे दोघा जुळ्या भावांची लांबलचक लाल, आणि वर छताला टांगलेल्या आणखी काही. चष्मेवाल्यांनी हिरवीवरची धूळ हाताने झाडली, तिला जरा आत सरकवलं आणि बेकरीवाल्याच्या निळीला जागा करून दिली. त्यांच्याकडे आल्यापासून यांतल्या एकीलाही पाणी लागलं नव्हतं. रविवारी फोन करतो, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.