पुठ्ठ्याचे मासे

"हा कुठला?" हुईफेनने विचारलं.

तिच्या सात वर्षांच्या लेकीने, यालानने, गळाला लागलेला पुठ्ठ्याचा मासा उलटा केला. पोटावरचं चिनी अक्षर बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "आय डोन्ट नो."

"प्रतिमा?"

"पाणी," प्रतिमा म्हणाली.

मासा प्रतिमाच्या ढिगात गेला. त्या दिवशी तिचे चौदा झाले, यालानचे नऊ. यालान पुन्हा हरली.

मासे प्रतिमानेच केले होते. नाश्त्याच्या सीरियलचे रिकामे खोके कापून, प्रत्येकाच्या तोंडाला पेपरक्लिप लावून. गळ म्हणजे चॉपस्टिकला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला फ्रिजवरचं मॅग्नेट. अक्षरं हुईफेन लिहायची. ती घाई करत नसे. प्रत्येक अक्षर मोठं, स्वच्छ.

अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये दोघींची दारं समोरासमोर होती. प्रतिमा नागपूरची. नवरा श्रीरंग आयटीत. तिचा व्हिसा डिपेंडंटचा, त्यामुळे नोकरी नाही. मूलही नव्हतं. हुईफेन युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम करायची. तिचा नवरा यालानच्या जन्मानंतर सहा महिन्यांत अपघातात गेला होता. तीन वर्षं यालानला स्कूलबसवरून प्रतिमाच आणत होती. यालान तिला मावशी म्हणायची.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये हुईफेनचे रिपोर्ट आले. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

त्याच आठवड्यात, प्रतिमाच्या ओट्याशी उभी राहून तिने सरळ विचारलं, "माझ्यानंतर यालानला तू ठेवशील?"

प्रतिमाला हो म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तिला तुझ्या आईकडे चीनला, चेंगडूला जाऊ दे, हुईफेन. मला तुमचं एक अक्षर येत नाही. उद्या तिने तुझी डायरी उघडली आणि विचारलं, यात काय आहे, तर मी काय सांगू? माझ्या घरात ती तुला विसरून जाईल."

हुईफेनने ओट्यावरचा कप विसळून पालथा ठेवला. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं." तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आठवड्याभराने ती कोरी कार्डं घेऊन आली. "चेंगडूला जायचं तर यालानला वाचता आलं पाहिजे. एकटीने बसून शिकायचा कंटाळा करते. तू खेळशील तिच्याबरोबर?"

नाही कसं म्हणणार? रोज शाळा सुटल्यावर तिघी कार्पेटवर बसू लागल्या. मासे झाले, मग जोड्या लावायचे पत्ते झाले, मग मास्किंग टेपने आखलेली, लंगडी घालत खेळायची टिक्कर, घराघरात एकेक अक्षर. एकदा हुईफेनने 'बाई' आणि 'मूल' ही दोन कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाली, "हे मिळून एक अक्षर होतं. चांगलं." प्रतिमाने मान फिरवली आणि चहा टाकायला उठली.

यालान चुकली तरी हुईफेन रागवत नसे. ते अक्षर प्रतिमाकडून तीनदा म्हणून घ्यायची. "मोठ्याने म्हण. तिच्या कानावर पडू दे."

यालानबद्दल प्रतिमाला काळजी वाटू लागली. पोरगी शाळेत हुशार होती. चिनी दुकानात तर शंभर पाकिटांतून आईला हवं तेच पाकीट झटकन उचलायची. त्यावरची चित्रं पाहून ओळखत असेल. पण खेळायला बसली की महिनाभरापूर्वीची अक्षरंही विसरायची. तिला आधार म्हणून प्रतिमाने सगळी कार्डं स्वतःच्या स्वयंपाकघरात चिकटवली. भाजी चिरता चिरता ती पाठ करायची. म्हणजे चेंगडूला जाईपर्यंत निदान पोरीला अडलेलं सांगता तरी येईल.

"आपणच तिला पाठवायची तयारी करतोय, यार," श्रीरंग एकदा जेवताना म्हणाला.

प्रतिमाने त्याला वाढलं. स्वतः जेवली नाही.

फेब्रुवारीत हुईफेनचा पलंग हॉलमध्ये आणावा लागला. आता तिला लिहिता येत नव्हतं. ती कुशीवर पडून दोघींचा खेळ पाहायची. एका दुपारी प्रतिमाने तेवीस मासे धरले, यालानने तीन. प्रतिमाला पोरीची दया आली. हुईफेन मात्र हसली. कितीतरी दिवसांनी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

अंत्यसंस्कारानंतर चार दिवसांनी हुईफेनच्या वकीलबाई आल्या. त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं. "यालानच्या आजीशी काही ठरवण्याआधी हे उघडायचं, असं हुईफेन सांगून गेल्यात. जानेवारीत लिहिलंय."

वकीलबाई गेल्यावर प्रतिमाने पाकीट यालानपुढे धरलं. आईचं शेवटचं पत्र लेकीनेच उघडावं. आत एकच कागद होता. मोठी, स्वच्छ चिनी अक्षरं.

यालानने हात पाठीमागे नेले. "तू वाच, मावशी."

"मी?"

"ते तुला आहे."

प्रतिमाने कागद गुडघ्यावर ठेवला आणि ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली. दोन ठिकाणी थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

'मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, एक अक्षर येत नाही. आज पुन्हा विचारते. माझं मूल तुझ्या घरी राहील का?'

कागद संपला. प्रतिमाने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग तिने मान वर केली.

"यालान, तुला हे वाचता येतंय?"

"हो."

"सगळं?"

यालानने मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला चार वर्षांची असल्यापासून येतं, मावशी. आई म्हणाली, तुला येईपर्यंत हरत राहा."