फियाटचे दिवे
स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवणाऱ्या केवलरामला रात्री रस्ता नीट दिसत नव्हता. त्यासाठी तो वर्षभर आपल्या जुन्या फियाटच्या डायनॅमोला दोष देत होता. गाडी थांबली की दिवे मंदावायचे, हे खरंही होतं. शेवटी पावर हाउस भागातल्या गॅरेजच्या मिस्त्रीने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला आणि वायरिंग नवी केली. संध्याकाळी मुलगी रेणूला सोबत घेऊन तो गाडी न्यायला गेला. मिस्त्रीने इंजिन सुरू करून हेडलाइट लावले. समोरच्या दुकानाच्या बंद शटरवर उजेड पडला. "अब देखो भैया, खड़ी गाड़ी में भी फुल लाइट." रेणूने डोळ्यांवर हात धरला. "बाबा, किती उजेड पडून राहिला. शटरवरचा फोन नंबर बी वाचता येते." केवलराम पाहत राहिला. त्याला तोच पिवळट, धूसर डाग दिसत होता. नंबर कुठे लिहिलाय तेही कळत नव्हतं. म्हणजे दोष दिव्यांचा नव्हताच. भीती वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. सकाळी क्रेनवर ड्युटी आहे, एवढंच आठवलं. "ठीक है ना?" मिस्त्रीने विचारलं. "बढिया," तो म्हणाला आणि डाव्या दाराने गाडीत बसला. "बाबा, इकडे कावून बसले?" "तू चालव. मले आज नुसतं बसू दे." रेणू गाडी चालवायला शिकली होती, पण आजवर त्याने तिला या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. रेणू हसत पलीकडून आत आली. नवे दिवे पाहून बाबा खूश झाले, असं तिला वाटलं.