पुलाच्या अलीकडे

नाल्यावरचा पूल वीस पावलांवर आला आणि टांग्याच्या घोडीची, रेशमाची, चाल मंदावली. मग ती थांबलीच.

जयदेवने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "चल, बाई, चल." घोडी कान मागे टाकून उभी. त्याने चाबूक हलवला, मग मारलाही. रेशमाने दोन पावलं टाकली, मान वर ताणली आणि पुन्हा थांबली.

"रोजचंच आहे हे, मामी," तो शेजारी बसलेल्या सासूला म्हणाला. "वर्ष झालं. नाल बदलले, जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं, दाणा-चंदी वाढवली. बाकी रस्ताभर नीट चालते. इथं आली की संपलं. पॅसेंजर उतरतात आणि रिक्षा धरतात. विकूनच टाकतो आता."

लेक पुतळी हिला जाऊन उद्या वर्ष होणार, म्हणून रखमा अंबरनाथहून आली होती. वर्षभर जावई तिच्या घरी फिरकला नव्हता. आज बदलापूर स्टेशनवर तिला टांग्यात बसवतानाही त्याने नजर वर केली नव्हती.

गेल्या वर्षी याच रस्त्याने तो पुतळीला गावातून दवाखान्यात घेऊन निघाला होता. सातवा महिना होता आणि रक्त थांबत नव्हतं. रेशमा जीव तोडून धावली. पुलावरच्या खड्ड्यात चाक आदळलं. पुतळी कळवळून म्हणाली, "अहो, हळू." मग मागून आवाज आलाच नाही. तिला दवाखान्यात सोडून तो रक्ताच्या बाटलीसाठी उल्हासनगरला पळाला. परत आला तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती.

अजूनही पूल जवळ आला की मागच्या सीटवरून ते शब्द येत. भर दुपारी, पॅसेंजरांच्या गप्पांमधूनसुद्धा. तो कधी मागे वळून बघत नसे.

त्याने पुन्हा चाबूक उचलला.

"ठेवा तो खाली," रखमा म्हणाली. "आणि तुमचा हात बघा."

जयदेवने पाहिलं. डाव्या हाताने लगाम पार छातीपर्यंत ओढून धरला होता. बोटं पांढरी पडली होती. लगामाचं लोखंड रुतून रेशमाचा जबडा उघडा पडला होता.

"चालेल कशी ती? तुम्हीच धरून ठेवलीय."

तो हाताकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मामी, पुतळी 'हळू' म्हणाली होती. मी ऐकलं नाही. त्या धक्क्यानंच गेली. त्यानंतर एक शब्द बोलली नाही."

रखमाने त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर हा का आला नाही, ते तिला आत्ता कळलं.

तिने त्याची बोटं एकेक करून सैल केली. लगाम ढिला पडला. रेशमाने मान खाली घेतली, फुरफुरली आणि आपणहून चालू लागली. पुलावर तिने वेग धरला. मागच्या सीटवरून पुन्हा ते शब्द आले आणि जयदेवचा हात लगाम आवळायला निघाला.

रखमाने तो हात धरला.

"पळू द्या तिला. तुम्ही रक्ताला गेलात तेव्हा मी दवाखान्यात पोचले. पुतळी शुद्धीवर आली होती. तुम्ही घोडी पळवलीत, म्हणून माझी लेक तासभर माझ्याशी बोलली."