करवंदाचा पाक

पातेल्यातला साखरेचा पाक उकळायला लागला आणि इंदूबाईंच्या लक्षात आलं, की पुढं काय करायचं ते आपल्याला ठाऊकच नाही.

शाळेच्या ओसरीवर माले गावातल्या तीसएक बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. समोर रॉकेलचा स्टोव्ह फरफरत होता. खुर्चीवर पंचायत समितीच्या मुख्यसेविकाबाई मांडीवर वही घेऊन वाट बघत होत्या. टोपलीभर काळीभोर करवंदं धुऊन ठेवलेली. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून करवंदाच्या सरबताचा पाक करून दाखवायचा मान इंदूबाईंचा होता.

मान त्यांनी आपल्याच तोंडानं ओढवून घेतला होता. आठ दिवसांमागं याच मुख्यसेविका त्यांच्या घरी उन्हाच्या आल्या. इंदूबाईंनी बाटलीतला पाक गार पाण्यात ढवळून पेला पुढं केला. एका घोटात बाईंचे डोळे विस्फारले. "कुणी केलं हो हे?"

"मीच," इंदूबाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? पाक फुलाबाईचा होता. फुलाबाई खालच्या बौद्धवस्तीतली. खडकीच्या एका बंगल्यात दहा वर्षं स्वयंपाक करून आलेली. दर उन्हाळ्यात ती इंदूबाईंच्या नवऱ्याच्या, हैबतरावांच्या माळावर करवंदं तोडायची आणि त्या बदल्यात एक बाटली मागल्या दारानं इंदूबाईंना आणून द्यायची. घरात ती बाटली इंदूबाईंच्याच हातची म्हणून प्यायली जायची. वस्तीतलं शिजवलेलं घरात येतं, हे हैबतरावांना कळलं असतं तर त्यांनी बाटली दगडावर फोडली असती. चार वर्षं हेच चाललं होतं. सांगून सांगून ते इंदूबाईंना स्वतःलाच अर्धं खरं वाटायला लागलं होतं.

"घाला ना करवंदं," मुख्यसेविका म्हणाल्या.

इंदूबाईंनी टोपली उचलली. उकळत्या पाकात सगळीच करवंदं ओतायची, एवढंच त्यांना सुचलं.

"बाई!" मागून आवाज आला. ओसरीच्या खाली, पायरीपाशी फुलाबाई उभी होती. संपलं. आता ही बोलणार, आणि तीस बायका ऐकणार.

"बाई, मला शिकवलं तवा तर तुमी करवंदं आदी कुस्करून रस गाळून घ्येतला हुता," फुलाबाई म्हणाली. "आज इसरला व्हय?"

बायका हसल्या. मुख्यसेविकाही हसल्या. इंदूबाईंनी टोपली खाली ठेवली.

"आन मीठपान्याचं ऱ्हायलं की. चीक निघायला. तुमीच म्हनला हुता."

"व्हय, व्हय," इंदूबाई पुटपुटल्या. मान वर न करता त्यांनी करवंदं मिठाच्या पाण्यात घातली. मग कुस्करली, फडक्यातून गाळली. पाक खाली उतरवून गार होऊ द्यायचा, गरम पाकात रस घातला तर तो थिजून त्याची खळ होते, हेही फुलाबाईनंच आठवण केल्यासारखं सांगितलं. दर वेळी शेवटी 'तुमीच म्हनला हुता'. दर वेळी इंदूबाईंचे कान तापत गेले. लालभडक पाक बाटलीत भरला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यात भरणाऱ्या पदार्थांच्या प्रदर्शनासाठी मुख्यसेविकांनी वहीत इंदूबाईंचं नाव लिहिलं आणि जाताना फुलाबाईला म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या शिकलात हं यांच्याकडून."

"व्हय जी," फुलाबाई म्हणाली.

ऊन कलल्यावर इंदूबाई वस्तीकडं निघाल्या. लग्न होऊन गावात आल्याला बावीस वर्षं झाली होती. वस्ती हाकेच्या अंतरावर, पण त्या वाटेला त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. कुणाचं घर कोणतं, तेही एका पोरीला विचारावं लागलं.

फुलाबाई अंगणात सुपात करवंदं निवडत होती. इंदूबाईंना पाहून ती उठली नाही. निवडतच राहिली.

"तुझं मन लई मोठं हाय, फुलाबाई," इंदूबाई म्हणाल्या. एरवी त्या तिला नुसतं 'फुले' म्हणायच्या. "सगळ्यांच्या म्होरं माझी लाज राखलीस. माझ्यानं ऱ्हावंना. उद्या पौडला समितीच्या कचेरीत जाते न् बाईंना खरं काय त्ये सांगून येते. परदर्शनाला तूच जा."

"मन मोठं न्हाई, बाई." फुलाबाईनं एक कच्चं करवंद उचलून बाजूला टाकलं. "करवंदं तुमच्या माळावरची. मी तितं खरं बोलले असते, तर उद्या मला माळावर पाय ठिवू दिला असता का तुमी?"

दिला असता, असं म्हणायला इंदूबाईंनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढं हैबतराव आले. पण हैबतरावांचं नाव पुढं करणंही खोटंच होतं. ओसरीवर तिचा आवाज ऐकला, त्या क्षणी आपल्या मनात काय आलं होतं ते त्यांना पक्कं आठवत होतं. हिला पुन्हा माळावर फिरकू द्यायचं नाही, हेच आलं होतं.

फुलाबाई वाट बघत होती. शेजारच्या दारातून दोन बायका बघत होत्या.

"न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "नसता दिला. ह्यांनी न्हाई, मीच नसता दिला."

फुलाबाईनं सूप उचलून पलीकडं सारलं आणि पोतं झटकून जागा केली.

"मग बसा," ती म्हणाली.