कपाटामागची भिंत

सगळा पावसाळा लेकीकडे सोलापूरला काढून शशिकलाबाई आणि एकनाथराव इगतपुरीच्या घरी परतले. दार उघडताच कोंदट वास नाकात शिरला. चपलांवर, देव्हाऱ्यावर हिरवट बुरशी चढली होती.

सोलापुरात एकनाथरावांचा जुना खोकला पार थांबला होता. "लेकीच्या धाकानं विडी सुटली," असं शशिकलाबाई सगळ्यांना सांगत. या विडीपायीच त्यांनी नवऱ्याची खाट मागच्या खोलीत हलवली होती, त्यालाही आता वर्षं झाली.

उन्हात टाकायला त्यांनी त्या खाटेवरची गादी उचलली, तर ती ओलीजड लागली. मग उशाजवळचं लाकडी कपाट दोघांनी मिळून पुढे ओढलं. मागची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काळी पडली होती. बुरशीवर बुरशीचे थर होते. हे एका पावसाळ्याचं काम नव्हतं.

एकनाथरावांना ठसका लागला. तोच जुना खोकला.

त्यांना अंगणात बसवून शशिकलाबाईंनी पाणी दिलं. "या ओलीबद्दल तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? खोकला विडीचाच, असं तू ठरवलं होतंस. विडी तर मी निवृत्त झालो तेव्हाच सोडली. तेव्हा सांगितलं, तर म्हणालीस, चोरून ओढत असाल."

शशिकलाबाई उठल्या, आत गेल्या आणि ती लोखंडी खाट एकटीनं ओढत पुढच्या खोलीत आपल्या खाटेशेजारी आणून लावली.